खांड गेली

"मावशी, आई गेली," सुगंधा फोनवर म्हणाली, आणि मी विचारलं, "कुठं? पेणला?"

आता कुणी याला वेडेपणा म्हणेल. पण यमुनाच्या बाबतीत 'गेली' म्हटलं की 'कुठं' हाच प्रश्न सुचायचा. ती कायम कुठंतरी गेलेलीच असायची. पेणला साहेबांना भेटायला, अलिबागला आणखी मोठ्या साहेबांना भेटायला, नाहीतर खाडीच्या बांधावर, हातात काठी आणि कमरेला खोचलेलं लुगडं. सुगंधा तिची सून. नुसता नाक ओढल्याचा आवाज आला आणि मला कळलं. छातीत कळ आली म्हणून पहाटे रिक्षात घातलं, पेणच्या दवाखान्यापर्यंत शुद्धीत होती, दारात उतरवताना संपली. मी रोह्याजवळच्या वरसे गावात तिसऱ्या मजल्यावर राहते. खाली शाळेची बस उभी होती, पोरं चढत होती. मी ती बस जाईपर्यंत फोन कानाला लावून तशीच उभी राहिले... पलीकडून सुगंधानं कधीच ठेवला होता.

यमुना माझी बालमैत्रीण. आमचं गाव पेणहून खाडीच्या अंगाला उतरलं की लागतं. नाव लिहीत नाही, लिहिलं तर गावातलं कुणीतरी फोन करून मलाच झापेल. भाताचं गाव, आणि खाडीलगत मिठागरं. इंग्रजांच्या वेळी भात आणि मीठ गलबतांतून मुंबईला जायचं, तेव्हा गावाला चक्क नगरपालिका होती. पुढं बंदर गाळानं भरलं, गलबतं बंद झाली, माणसं कमी झाली आणि सरकारनं नगरपालिकेची ग्रामपंचायत करून टाकली. पण काळ्या दगडाची, कौलारू, पुढं रुंद ओटा असलेली नगरपालिकेची इमारत राहिली आणि तिचं नावही राहिलं. मुन्शीपाल्टी. आमच्या जन्माच्या आधीच ती मुन्शीपाल्टी उरली नव्हती, तरी एसटीचा कंडक्टर अजून तिथं 'चला मुन्शीपाल्टीवाले' म्हणून ओरडतो. आमची शाळा तिच्याच ओट्यावर भरायची. मागच्या दालनाच्या माथ्यावर एक पितळी घंटा होती आणि तिचा दोर भिंतीच्या भोकातून खाली, आमच्या डोक्यांवर लोंबायचा. त्या दोराला हात लावायची छाती गुरुजींनाही नव्हती.

कारण ती घंटा शाळेची नव्हती आणि देवाचीही नव्हती. आमची शेतं समुद्राच्या पातळीला, खाडी आणि शेत यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पाणी बांधाला धडका देतं. बांध कुठं फुटला तर त्या फुटीला आमच्याकडं खांड म्हणतात, आणि खांड गेली की मुन्शीपाल्टीची घंटा वाजायची. मग घरटी एक माणूस बांधावर. विचारायचं नाही, सबब सांगायची नाही. जेवणारा हात न धुता उठायचा. हा हात न धुण्याचा नेम कुणी कधी लिहून ठेवला नाही, पण हात धुवायला थांबलेल्या माणसाची चेष्टा गाव वर्षानुवर्षं करायचं. पेंढ्याच्या मोळ्या, बांबूचे खुंट आणि चिखल... माणसांची रांग लागायची आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढं जायचे. या सगळ्याला जोळ म्हणत. गाव गोळा होऊन आपली शेतं राखायचं, एवढाच त्याचा अर्थ.

एका पावसाळ्यात घंटा झाली तेव्हा यमुनाचे वडील तापानं फणफणले होते. आई बाळंतीण. मोठा भाऊ नव्हताच. आम्ही दोघी ओट्यावर पाढे म्हणत होतो. यमुनानं पाटी माझ्या मांडीवर टाकली आणि पळत सुटली. मी मागोमाग गेले, पण मी बघायला. ती रांगेत शिरली. कुणीतरी म्हणालं, "पोरीला बाजूला करा." तेव्हा रांगेतला अनंता, आमच्याहून चार बुकं पुढं असलेला, म्हणाला, "तिच्या घरचं मानूस हाय ती. र्‍हाऊ दे." आणि त्यानं चिखलाचा गोळा तिच्या हातात दिला. ओहोटी लागेपर्यंत ती उभी होती. परत आली तेव्हा डोळे सोडून सगळी चिखलाची झाली होती, आणि ती मला म्हणाली, "मला मोजली गो, कुसू. मानूस म्हनून मोजली."

पुढं आयुष्यात तिला कुणी फारसं मोजलं नाही. गावातच दिली, नवरा लवकर गेला, एक मुलगा वाढवला, बांधालगतची जमीन एकटीनं कसली. मी डी.एड. करून रोह्याकडं नोकरीला लागले, लग्न तिकडंच झालं, निवृत्तीनंतर वरशाला घर घेतलं. आमच्या भेटी होत राहिल्या आणि दर भेटीत ती सांगायची की बांधाकडं कुणी बघत नाही. हे एका दिवसात झालं नाही. पोरं डोलवीच्या बाजूला कंपनीत ठेकेदाराकडं लागली. तिचा नरेशही लागला. शिफ्ट सुटून आलेल्या माणसाला चिखलात उभं राहा म्हणायचं कसं? कुणी जमीन ओसाड टाकली, कुणी गिऱ्हाइकाची वाट बघत बसलं. ओसाड शेतात खाडीकाठची तिवराची झाडं उगवली. बांध सरकार बघेल म्हणू लागले, आणि सरकार काय बघतं ते आपल्याला ठाऊक आहे. ग्रामपंचायत टाइल्सच्या नव्या इमारतीत गेली. जुन्या मुन्शीपाल्टीचं दालन हमरापूरचा एक मूर्तिवाला पावसाळ्याआधी भाड्यानं घ्यायचा. पांढऱ्या, न रंगवलेल्या गणपतींच्या रांगा तिथं सुकत असायच्या, आणि त्यांच्यामधून वाट काढत यमुना दर अमावास्येला, पुनवेला दोरापाशी जायची आणि एक टोला द्यायची. "आवाज हाय का बगते," म्हणायची. गावाला त्याची सवय झाली होती. यमुनाकाकूला एक खूळ आहे, एवढंच पोरांना माहीत होतं. घंटा कशासाठी हे त्या पोरांना सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते कोण सांगत बसतो? आणि एक दिवस ते कुणालाच ठाऊक नसतं.

तो अनंतचतुर्दशीचा दिवस होता. सार्वजनिक गणपती मुन्शीपाल्टीच्याच ओट्यावर बसतो. दुपारी उधाणाची भरती, आणि त्याच वेळी घरोघरी निरोपाची आरती. यमुनाच्या घरचा गणपती दीड दिवसाचा, तो कधीच गेला होता, म्हणून ती शेतावर होती. भात निसवून लोंब्या बाहेर पडल्या होत्या. जुन्या उघाडीपाशी, म्हणजे पाणी सोडायच्या दारापाशी, बांधातून पाणी येताना तिनं पाहिलं. आधी हाताएवढी धार, मग बघता बघता माती बसली. ती त्या वयात, ते गुडघे घेऊन, धावत गावात आली. दालन रिकामं होतं, गणपती सगळे विकले गेले होते. तिनं दोर धरला आणि घंटा ठोकायला सुरुवात केली. थांबून थांबून एक टोला नव्हे, खांडीची घंटा, न थांबता.

ओट्यावर आरती रंगात आलेली. पोरांना वाटलं, काकूला चेव आला. त्यांनी काय करावं? माईक उचलला आणि घंटेच्या दिशेनं दालनाच्या खिडकीत बांधला. आयुष्यात ती घंटा एवढी मोठ्यानं कधी वाजली नसेल. सगळ्या गावात कर्ण्यावरून घुमली, आणि घराघरांत लोकांनी टाळ्यांचा ठेका तिच्यावर धरला. यमुना ओरडत होती, "खांड गेली! खांड गेली रे!" तिच्या अंगावरून 'मोरया'चा गजर गेला. दारातून एक नवी सून आत डोकावली, घाटावरून लग्न होऊन आलेली. तिच्या माहेरी खांड म्हणजे साखर. पोर बिचारी धावत घरी गेली आणि प्रसादाची साखर संपली म्हणून भरलेली वाटी घेऊन आली. यमुना दोर ओढते आहे, आणि ही समोर साखरेची वाटी धरून उभी... "काकू, घ्या ना, पुरेल का?"

मी हे सांगते तेव्हा लोक आधी हसतात. मीही हसले असते. त्या पोरीचा काहीही दोष नाही. सबंध गावात घंटा ऐकून उठून आली ती तेवढी एकच.

मग यमुनानं मला फोन केला. एका हातात दोर होता, हे मला नंतर कळलं. आमच्या वरशाच्या सोसायटीतही आरती चालू होती, मी जिन्यात जाऊन फोन घेतला. पलीकडं घण्‌ घण्‌ आणि माणसांचा गलका. मला वाटलं, विसर्जनाची गंमत ऐकवते आहे.

"कुसू, आयकू येतं का गो?"

"येतंय की! काय दणका लावलायस!"

"घंटाच हाय ना ही? खरं सांग. तुला घंटाच आयकू येते ना?"

मी दुसऱ्या कानात बोट घातलं. "घंटाच आहे. काय झालं गो?"

"मग हे येत का नाय?" ती म्हणाली. "तुला रोह्याला आयकू येतं... मग हे का नाय येत?"

आरती संपली, प्रसाद वाटला, मग माणसं आली. पण तोवर खांड बैलगाडी जाईल एवढी झाली होती. हातोहात चिखल द्यायला कुणाला येत होतं? पोरांनी मोबाईलवर शूटिंग केलं. संध्याकाळी गणपती घेऊन निघाले तर वाट पाण्याखाली. विसर्जनाला लांब जावं लागलं नाही, खाडीच वेशीपर्यंत आली होती. तिथंच शेताच्या पाण्यात, उभ्या भातावर, गणपती बुडवले. यमुना बांधावर बसून बघत होती. अनंता आता वाकलाय, काठी घेऊन चालतो. तो तिच्याजवळ आला आणि म्हणाला, "घंटा आयकली गो मी. पन आरतीत वाजली. आरतीतून उठायचं कसं?" यमुनानं त्याला काही बोल लावला नाही. मला सांगताना म्हणाली, "त्याचं खरं हाय. देवाफुडनं कोन उठल?"

एकदा खारं पाणी बसलं की जमीन लवकर माफ करत नाही. पुढच्या वर्षी रोप लावलं ते जळलं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा जळलं. बांध बांधायला माणसं आली, मोजून गेली, पुन्हा आली, पुन्हा मोजून गेली. यमुनानं हाय खाल्ली नाही असं मी सगळ्यांना सांगायचे. खोटं होतं ते. बाई आतून वाळत चालली होती. शेतातला पांढरा थर ती पायानं उकरून बघायची, जिभेला लावायची. मी तिच्या हाताला धरून घरी आणायचे आणि चूळ भरायला पाणी द्यायचे.

आणि तेव्हाच मुन्शीपाल्टीवर पाटी लागली, 'धोकादायक इमारत'. पाडून तिथं व्यापारी गाळे होणार. शेत गेल्यावर यमुनानं सगळा जीव त्या इमारतीत घातला. घंटा राहिली तर बांधही होईल आणि जोळही होईल, असं काहीतरी तिनं मनाशी घट्ट धरलं होतं. मी तिला घेऊन पेणला एका कचेरीत गेले. साहेब तरुण होता, बोलायला नम्र. खुर्ची दिली, पाणी दिलं. कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाला, "आजी, तुम्ही म्हणता ती म्युनिसिपालिटीची इमारत. पण तुमच्या गावात म्युनिसिपालिटी नाहीच आहे. रेकॉर्डला अशी इमारतच नाही."

"नाय कशी?" यमुनानं माझ्याकडं बोट दाखवलं. "तिच्या ओट्यावर शिकून ही बाई मास्तरीन झाली."

"असेल. पण रेकॉर्डला नाही."

"बरं, नाय तर नाय," यमुना म्हणाली. "मग पाडताय काय तुमी?"

साहेब हसला. मीही हसले, अगदी मोठ्यानं. बाहेर येऊन स्टँडवर आम्ही चहा घेतला आणि मी तिला म्हटलं, "जिंकलीस गो." ती चहात बघत म्हणाली, "कुठं? त्यानं लिवून घेतलं का काय?"

शेवटची भेट त्याच ओट्यावर झाली. अमावास्या होती म्हणून मला ठाऊकच होतं ती कुठं असेल. दालनाचं कुलूप कुणीतरी कधीच तोडलेलं. आत गेले तर यमुना एका मोडक्या स्टुलावर चढून वर हात करून उभी. दोर वरून कापला होता. म्हातारी रोज उठून वाजवते आणि एखादं कौल डोक्यात पडेल, म्हणून कापला, असं नंतर कळलं. कापणाऱ्यानं काळजीपोटीच कापला असेल, पण तिचा हात पोचत नव्हता. मी ओरडले, "उतर आधी! तंगडी मोडून घ्यायचीय का?" ती उतरली, स्टुलावर बसली आणि पदरानं हात पुसत राहिली. हाताला काहीच लागलेलं नव्हतं.

"आयकायला कोनी नाय, ते आयकून घेतलं गो मी," ती म्हणाली. "पन वाजवायलाबी कोनी नको?"

मी म्हटलं, "बांध होईल. नरेश म्हणत होता मंजूर झालाय." मी धडधडीत खोटं बोलले आणि तिला ते कळलं.

"कुसू, मी व्हते ना रांगेत? पोरगी व्हते तवा? तू बगितलंस ना?"

"बघितलं की. तुझी पाटी माझ्या मांडीवर होती."

"हां," ती म्हणाली. "मग ठीक हाय." पण ठीक नव्हतं. तिचा चेहरा मी वाचू शकते, एवढी वर्षं वाचलाय. तिला कुणीतरी सांगायला हवं होतं की ते सगळं खरोखर झालं होतं. माणसं हात न धुता उठायची, हे तिनं मनानं रचलेलं नव्हतं. अशी पाळी माणसावर येऊ नये... आपण जगलो ते खरं होतं का, हे दुसऱ्याला विचारावं लागण्याची.

ती गेली आणि तिचे दिवस चालू असतानाच मुन्शीपाल्टी पाडली. आता अडवायला कोण होतं? तेराव्याला मी गेले तर रिक्षातून उतरताना मला गावच ओळखू येईना. काळे दगड एका बाजूला रचून ठेवले होते, मध्ये उघडं आभाळ. घंटेचं काय केलं, असं नरेशला विचारलं. तो शिफ्ट टाकून घरी थांबलेला, डोकं भादरलेला, एकदम पोरका दिसत होता. म्हणाला, "मारुतीच्या देवळात लावली, मावशी. मंडळाच्या पोरांनी पॉलिश करून लावली, आईची आठवण म्हणून. चांगली दिसते." मी म्हटलं, चांगलं केलं. पोरांनी प्रेमानंच केलं होतं. वाईट कुणाचंच नाही, त्यामुळं भांडायलाही कुणी उरत नाही, आणि मला तर त्या दिवशी कुणाशी तरी कडकडून भांडायचं होतं.

दुपारी अंगणात पंगत बसली. बायकांची रांग इकडं, पुरुषांची तिकडं. समोरच्या रांगेत टोकाला अनंता, पाट जमत नाही म्हणून खुर्चीवर, ताट मांडीवर घेऊन. सुगंधा भात वाढत माझ्यापाशी आली, वाकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मावशी, तांदूळ विकतचा हाय. आईला कधी रुचला नाय..." मी तिच्या हातावर थोपटलं. शेत होतं तोवर त्या घरात विकतचा भात मी कधी खाल्ला नव्हता. पहिला घास तोंडात फिरत होता आणि देवळाकडून घंटा झाली. कुणीतरी दर्शनाला आलं असेल, किंवा शाळेतली पोरं असतील, लागोपाठ वाजवत होती, न थांबता.

मी कधी उठले ते मला कळलं नाही. वरणभाताचा हात तसाच, चपला शोधत होते. समोर अनंताचं ताट खाली पडलं होतं. तो उभा होता, काठीवर एक हात, दुसऱ्या हाताला भात. पंगत थांबली. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. मग घंटा बंद झाली.

"काय पायजे, आजी? काय हवं होतं?" कुणीतरी लगबगीनं विचारलं. ती घाटावरची सून होती, हातात वाढपाची पळी घेऊन.

"काही नको," मी म्हटलं, आणि हात न धुता खाली बसले.